दोन दुकानांचा एक हिशोब : बॅकअप परत चढवताना

बीडच्या मोंढ्यात आडत आणि अंबाजोगाईला दुसरे दुकान असा पसारा असला, की दोन्हीकडच्या संगणकांवर एकच हिशोब ठेवला जातो. इकडे पावती फाडली की तिकडे नोंद उमटते. एक संगणक जळाला किंवा चोरीस गेला तरी दुसरा आहेच, असे आपले व्यापारी बांधव निर्धास्तपणे सांगतात. हे अर्धेच खरे आहे. अंबाजोगाईत एखाद्याने चुकून उधारीची खाती पुसली, तर ते पुसणेही तितक्याच इमानाने बीडला पोहोचते. म्हणून चालती जोडप्रत वेगळी आणि काढून बाजूला ठेवलेला बॅकअप वेगळा.

नुसता बीडचा संगणक बिघडला आणि अंबाजोगाईची प्रत धड असेल, तर बॅकअपला हात लावूच नये. तिकडची प्रत इकडे आणावी. चूक दोन्हीकडे पोहोचली असेल तरच बॅकअप काढावा लागतो, आणि खरी फसगत तिथे होते.

समजा, काल रात्रीच्या बॅकअपमध्ये शेवटची पावती ४०० आहे. आज दुपारपर्यंत ४२० झाल्या. घाईत फक्त बीडला बॅकअप चढवला, तर बीडचा संगणक पुढची पावती ४०१ म्हणून देईल. अंबाजोगाईकडे ४०१ आधीच आहे. काही प्रणालींत ती 'हे तर मिळाले आहे' असे धरून नवी नोंद घेतच नाही, आणि तसे कळवतही नाही. महिनाअखेरीस उधारी जुळत नाही तेव्हा कळते. तोवर कोणाचे देणे खरे, हे गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकावे लागते!

म्हणून आधी दोन्ही संगणकांमधील जोडणी तोडावी. बिघडलेला हिशोबही पुसू नये, त्याची प्रत बाजूला ठेवावी. बॅकअप वेगळ्या जागी उघडून ताळा पाहावा. मग आजच्या नोंदी रोजकीर्दीतून चढवाव्यात. खतावणी गेली तरी रोजकीर्द असली की ती पुन्हा उभी राहते, हे आपल्या जुन्या मुनीमांना ठाऊकच होते. मोठ्या प्रणालींतील 'लॉग' म्हणजे हीच रोजकीर्द. शेवटी अंबाजोगाईची जुनी प्रत बाजूला सारून, दुरुस्त केलेल्या हिशोबाचीच नवी प्रत तिथे बसवावी आणि मगच जोडणी सुरू करावी.

मोठ्यांचीही त्रेधा उडते. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी दुय्यम प्रत नव्याने बनवताना कर्मचाऱ्याने मूळ प्रतच पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार उरले. रोजचा बॅकअप शोधला, तर तो निघतच नव्हता : तो काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची होती, आणि बिघाडाच्या सूचना कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत हाती होती. तिच्यावर निभावले, मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्याच.

तेव्हा बॅकअपचा पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवून भागत नाही. तो घरी न्यावा आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून दहा-वीस खात्यांची बाकी वहीशी ताडून पाहावी.