लेकरू स्काऊटमध्ये जाताना: इस्लापूरहून घेतलेला मागोवा

जूनमध्ये शाळा उघडते आणि वह्या-पुस्तकांच्या यादीत कधी कधी आणखी चार वस्तू येतात: राखाडी शर्ट, निळी पँट, स्कार्फ, शिट्टी. लेकराचं नाव स्काऊटमध्ये घातलंय, एवढंच घरी कळतं. बाप बाजाराच्या दिवशी कापड आणतो, आई शिंप्याकडे माप देते, आणि आपलं काम झालं असं दोघांनाही वाटतं. किनवट तालुक्यातलं इस्लापूर असो की लातूरकडचं एखादं गाव, यात फारसा फरक नसतो.

या चळवळीला शंभरावर वर्षं झाली. या काळात पालकांच्या मनातली शंका दर पिढीला बदलत गेली. आधी विचारलं जायचं, ही कोणाची चाकरी? मग, याचा उपयोग काय? मग, मार्क किती? आणि आता, लेकरू तिथे सुरक्षित आहे ना? शंका बदलल्या तरी शोध घ्यायचा तो दोनच गोष्टींचा: पथक चालवतो कोण, आणि लेकराला तिथे स्वतःच्या हाताने काय करायला मिळतं.

सुरुवात वीसेक मुलांपासून

ऑगस्ट 1907 मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. त्यात श्रीमंतांच्या शाळांतली मुलं होती आणि कामगारांचीही होती. त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा नेमला. पुढच्या वर्षी 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक निघालं आणि 1910 मध्ये मुलींसाठी गाईड चळवळ उभी राहिली.

बेडन-पॉवेल सैन्यातले, गणवेश आणि शिट्टीही आहे, त्यामुळे आपल्याकडे अनेकांना स्काऊट म्हणजे लहान मुलांची एनसीसी वाटते. तसं ते नाही. 1948 च्या कायद्याने स्थापन झालेल्या एनसीसीचा धागा संरक्षण खात्याशी जोडलेला आहे. स्काऊटचा गाभा कवायत नसून सहा ते आठ मुलांचा तो छोटा संघ आहे. स्वयंपाक काय करायचा, तंबूची जागा कोणती, मागे राहिलेल्याला सोबत कसं आणायचं, हे त्या संघाने ठरवायचं असतं. वर्षभर फक्त 'सावधान-विश्राम' आणि पंधरा ऑगस्टचं संचलन होत असेल, तर गणवेश स्काऊटचा आहे, पण स्काऊट शिकवला जात नाही, हे पालकांनी ओळखावं.

शपथ कोणाशी?

भारतात स्काऊट पथकं 1909 च्या सुमारास आली, पण ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय मुलांना दार बंद होतं. मग आपल्या लोकांनी आपली पथकं काढली. 1913 मध्ये श्रीराम बाजपेयींनी शाहजहानपूरला सुरुवात केली. ॲनी बेझंट यांनी 1916 मध्ये मद्रासकडे संघटना उभारली. मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीच्या नावाने उत्तरेत काम वाढवलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले विवियन बोस यांनी नागपूरकडे या कामाला हातभार लावला होता.

1921 मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बऱ्याच संघटना एकत्र आल्या. पण शपथेत राजनिष्ठा होती. आपलं पोर राजाच्या नावाने शपथ घेणार, हे त्या काळच्या बापाला सलणं साहजिक होतं. 1937 मध्ये बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांवरून वाद पेटला आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी झाली. स्वातंत्र्यानंतर हे गट एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था झाली. 15 ऑगस्ट 1951 रोजी गाईड संघटनाही तीत आली.

आजच्या शपथेत ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊटच्या नियमाचं पालन, एवढंच आहे. ज्यांना 'ईश्वर' शब्द नको, त्यांना त्या जागी 'धर्म' म्हणण्याची मुभा संस्थेच्या नियमातच आहे. मराठवाड्यात बौद्ध घरं गावोगावी आहेत. त्यांच्या लेकराला मनाविरुद्ध शब्द उच्चारायला लावता येत नाही, ही गोष्ट शिक्षक आणि पालक दोघांनाही माहीत हवी. आणि शपथ घ्यायची ती लेकराने, स्वतःच्या इच्छेने. पटसंख्या भरायची म्हणून अख्खा वर्ग स्काऊटमध्ये घालणं या चळवळीच्या मुळावरच येतं.

हैदराबादहून मुंबईकडे

हे सगळं घडत होतं तेव्हा इस्लापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, तेही आदिलाबाद जिल्ह्यात. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. भारत स्काऊट्स आणि गाईड्सची पहिली राष्ट्रीय जांबोरी, म्हणजे देशभरच्या पथकांचा मेळावा, 1953 मध्ये हैदराबादला भरली, तेव्हा इस्लापूरची राजधानी हैदराबादच होती. तीन वर्षांत नकाशा बदलला. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात कोणता भाग मुंबई राज्याकडे जाणार याची यादी आहे, आणि तिच्यात तेव्हाच्या बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल (महसुली मंडळ), किनवट तालुका आणि राजुरा तालुका यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. 1 नोव्हेंबर 1956 पासून इथल्या शाळांचा कारभार नव्या राज्याकडे गेला आणि 1 मे 1960 ला ते राज्य महाराष्ट्र झालं.

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. इथून पुढे गावाकडचा स्काऊट जवळजवळ पूर्णपणे शाळेच्या आणि शिक्षकाच्या खांद्यावर आला. इंग्लंडात पथक वस्तीचं असतं, आपल्याकडे ते शाळेचं. याचा फायदा मोठा झाला. सागवानाच्या जंगलाकाठी राहणाऱ्या गोंड, कोलाम, आंध घरांतली आणि तांड्यावरची मुलं ज्या शाळेत जातात, तिथेच स्काऊट पोचू शकला, वेगळ्या क्लबची वर्गणी लागली नाही. तोटाही तेवढाच ठळक. प्रशिक्षण घेतलेले गुरुजी बदलून गेले की पथक तिथेच थांबतं. म्हणून पालकांचा पहिला प्रश्न असा हवा: या सरांनी किंवा मॅडमनी स्काऊटचं प्रशिक्षण कुठवर घेतलंय? बेसिक कोर्स, ॲडव्हान्स कोर्स आणि त्यापुढे हिमालय वुड बॅज, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. दुसरा प्रश्न: या वर्षी पथकाची नोंदणी झाली का? नोंदणी दरवर्षी करावी लागते. ती नसेल तर लेकराने केलेलं काम कागदावर कुठेच येत नाही.

कमाई कोणाची?

ब्रिटनमध्ये 1949 पासून स्काऊट मुलं शेजाऱ्यापाजाऱ्यांची छोटी कामं करून एकेक शिलिंग मिळवू लागली. आपल्याकडे तोच उपक्रम 'खरी कमाई' या नावाने शाळाशाळांत रुजला. भेळ, भजी, भाजीपाल्याचे स्टॉल, सायकल पुसणं, बागेतलं काम. मैदानावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होते.

पण गेल्या काही वर्षांत या कमाईतला मोठा वाटा आयांचा असतो. पहाटे उठून बटाटे उकडतात त्या, चटणी वाटतात त्या, आणि गल्ल्यावर बसतं लेकरू. हौस समजण्यासारखी आहे, पण त्यात लेकराची कमाई राहत नाही. दहा रुपयांच्या भेळेत मुरमुरे किती, कांदा किती आणि उरले किती, हा हिशेब त्याने चुकतमाकत मांडायचा असतो. नफा वीस रुपये झाला तरी चालेल. गणवेशाचंही तसंच. पूर्वीच्या खाकीची जागा राखाडी-निळ्या गणवेशाने घेतली. मापाचा, धुतलेला आणि स्वतः इस्त्री केलेला असला की पुरे. मोठ्या भावाचा चालतो. स्काऊटच्या नियमातच काटकसर आहे, त्यामुळे महागड्या किटचा आग्रह कोणी धरलाच तर पालकांनी नम्रपणे हा नियम दाखवावा. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागण्यात मात्र संकोच नको.

मार्क आणि नोकरी

नंतरच्या काळात प्रमाणपत्राचं वजन वाढलं. पहिली ते चौथीत कब आणि बुलबुल, पाचवी ते दहावीत स्काऊट आणि गाईड, पुढे पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. स्काऊट-गाईडमध्ये प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक टप्प्यात काही महिने काढावेच लागतात, उडी मारता येत नाही. आठवीच्या अखेरीस जागं झालेल्या पालकाला 'दहावीच्या आत राष्ट्रपती पुरस्कार मिळवून द्या' असं म्हणून उपयोग नसतो. सुरुवात पाचवी-सहावीतच हवी.

वरच्या पुरस्कारांमुळे दहावीला सवलतीचे गुण मिळू शकतात, पण अटी शासन निर्णयाने बदलत असतात. म्हणून चालू वर्षाचा निर्णय मुख्याध्यापकांकडे वाचावा, ऐकीव आकड्यावर जाऊ नये. रेल्वे भरतीत स्काऊट-गाईडसाठी वेगळा कोटा आहे. नांदेडला रेल्वेचा विभाग असल्यामुळे आपल्याकडे त्याची चर्चा जास्त. पण शाळेत दोन वर्षं स्कार्फ घातला एवढ्यावर तो लागू होत नाही. राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता आणि त्यानंतरही चालू ठेवलेलं काम त्यासाठी लागतं. जो कोणी पैसे घेऊन प्रमाणपत्र 'काढून देतो' म्हणेल, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

शिबिराची रात्र

आताचा सगळ्यात मोठा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो विचारण्यात अविश्वास नाही. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे 82 हजारांहून अधिक दावे तिच्यावर आले आणि भरपाईची योजना 2.46 अब्ज डॉलरची ठरली. अनेक दावे कित्येक दशकांपूर्वीच्या प्रसंगांचे होते. तेवढी वर्षं त्यांतली अनेक मुलं गप्प होती.

आपल्याकडे 2012 चा पोक्सो कायदा आहे. अशी घटना कळूनही पोलिसांना न सांगणं हा त्यात गुन्हा आहे, मग ते शाळेची अब्रू वाचवण्यासाठी असलं तरी. पालकांनी धरायचा नियम साधा आहे: बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीत एक मोठा माणूस आणि एकटं लेकरू कधीच नको. मुलींच्या शिबिरात प्रशिक्षित महिला कॅप्टन (गाईड पथकाच्या मॅडम) रात्रीही मुक्कामाला हवी. मोठ्यांची आणि मुलांची झोपण्याची जागा वेगळी हवी. आणि 'सरांनी सांगितलं म्हणून गुपित ठेवायचं' असं काही नसतं, हे घरीच सांगून ठेवावं. मदतीसाठी 1098 हा क्रमांक लेकराला पाठ हवा.

दुसरा धोका पाण्याचा. इस्लापूरच्या पोरांना पायी सहल म्हटलं की सहस्रकुंडच आठवतं. पैनगंगेचा हा धबधबा पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो आणि तेव्हाच त्याचा खडक सर्वात निसरडा असतो. वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की इथे ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं. त्या दिवसांत मुलं नेणार असतील तर धरणाच्या विसर्गाची चौकशी केली का, किती मुलांमागे एक मोठा माणूस आहे, दोर आणि प्रथमोपचार पेटी कोणाकडे आहे, जवळचा दवाखाना कोणता, हे आधी विचारावं. लेखी संमतीपत्रावर ठिकाण, तारीख आणि परतीची वेळ असावी. लेकराला दमा, फिट किंवा कशाची ॲलर्जी असेल तर ते लपवू नये. औषध नावासकट, मात्रेसकट सरांच्या हाती द्यावं.

एवढं विचारून झालं की मागे सरायचं. शिबिरात रोज डबा घेऊन जायचं नाही, रात्री रडका फोन आला म्हणून लगेच मोटारसायकल काढायची नाही. घराची आठवण आणि भीती यात फरक असतो. घराची आठवण दोन दिवसांत निवते. लेकरू कोणाला घाबरत असेल तर मात्र त्याच रात्री जायचं.

पथक चांगलं चाललंय का हे समजायला शाळेत खेटे घालावे लागत नाहीत. दर आठवड्याला जेवताना लेकराला विचारावं: या वेळी तुमच्या संघाने काय ठरवलं? 'सरांनी सांगितलं ते केलं' हे उत्तर महिनोन्महिने येत राहिलं तर पालक सभेत हाच विषय काढावा. 'आमचं भांडण झालं, मग आम्ही असं ठरवलं' असं ऐकू आलं, की कापडाला आणि शिलाईला दिलेले पैसे कारणी लागत आहेत असं समजावं.