युद्ध पेटलं की राज्यघटना गुंडाळली जाते?

सीमेवर तोफा धडाडल्या की चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं, ‘आता कायदा-बियदा काही नाही, दिल्ली म्हणेल तसं.’ हा समज धोक्याचा आहे. युद्धात केंद्राचे अधिकार वाढतात. पण तेही घटनेच्याच कलमांनी, आणि कलमांपुरतेच.

गैरसमज : हैदराबाद संस्थानातली भारतीय फौजेची ‘पोलिस कारवाई’ संपली त्याच दिवशी मराठवाडा आपल्या घटनेखाली आला.

वस्तुस्थिती : १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला आणि मराठवाड्यातल्या भोकरदन तालुक्यातलं धावडा गाव निजामी राजवटीतून सुटलं. शेजारचा बुलढाणा १९४७ लाच स्वतंत्र झाला होता. मात्र देशाची घटना तेव्हा तयारच व्हायची होती. हैदराबादेत १९४९ अखेरपर्यंत जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होते. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची घटना स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद ‘ब’ वर्गाचं राज्य झालं. फौजेने मुलूख मिळाला; संघराज्यातलं स्थान मिळालं ते घटनेने.

गैरसमज : युद्धात राज्य सरकारं बरखास्त होतात.

वस्तुस्थिती : चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ ला कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर झाली. अशा वेळी केंद्र राज्यांना आदेश देऊ शकतं, संसद राज्यांच्या विषयांवरही कायदे करू शकते. सरकार आणि विधानसभा मात्र टिकून राहतात. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा महाराष्ट्रात मारोतराव कन्नमवार रीतसर मुख्यमंत्री झाले. राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ वेगळं. शिवाय युद्ध म्हणजे आणीबाणी असंही नाही : १९९९ च्या कारगिल युद्धात ती लागलीच नाही.

गैरसमज : युद्धकाळात कोर्टात दाद मिळत नाही.

वस्तुस्थिती : १९६२ च्याच आणीबाणीत प्रभाकर पांडुरंग संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी विज्ञानपुस्तक लिहिलं. छपाईसाठी हस्तलिखित बाहेर पाठवायला राज्य सरकारने परवानगी नाकारली. उच्च न्यायालयाने ती द्यायला लावली, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही हरलं : स्थानबद्धतेच्या नियमांत नसलेलं बंधन सरकारला लादता येत नाही. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपल्या सैन्याने लाहोर आघाडी उघडली होती.

न्यायालय कच खातं, हेही आपण पाहिलं. पुढे अंतर्गत आणीबाणीच्या काळात, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांना दाद नाकारली. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना उभे राहिले. ती चूक ४४ व्या घटनादुरुस्तीने सुधारली. आज युद्ध असो वा आणीबाणी, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम २१ साठी कोर्टाचं दार बंद करता येत नाही. हा हक्क प्रत्येकाने ठाऊक करून घ्यावा, आणि वेळ आली तर ठामपणे मागावा.