जुना लॅपटॉप गेला, नवीन घ्यायचाय : त्यावर थोडंफार गेमिंग होईल का, हे कसं ओळखायचं?



जुलैमध्ये साताऱ्याहून माझ्या मामेभावाचा फोन आला. बॅगेत पाणी शिरलं आणि त्याच्या जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीचा खर्च ऐकून मामाने सरळ नवीनच घ्यायचं ठरवलं, पण "चाळीसच्या वर एक रुपया मिळणार नाही" हेही सांगून टाकलं. पठ्ठ्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं काम तर आहेच, पण त्याचा खरा प्रश्न वेगळा होता. "दादा, आय ५ आहे म्हणजे गेम चालेल ना?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-चार वेळा तरी येतो. आणि याचं उत्तर "हो" पण नाही आणि "नाही" पण नाही. आय ५ हे फक्त आडनाव आहे. त्या आडनावाची माणसं शेकड्याने आहेत. कुठलं पोरगं पळणार आणि कुठलं धापा टाकणार, ते आडनावावरून कळत नाही.

आधी गेमची यादी करा

मी त्याला म्हटलं, लॅपटॉपची लिंक पाठवू नकोस, आधी गेमची नावं पाठव. उत्तर आलं : माइनक्राफ्ट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ आणि "जमलं तर व्हॅलोरंट".

ही यादी चांगली आहे, कारण यातला एकही गेम महागडं मशीन मागत नाही. जीटीए ५ पीसीवर २०१५ साली आला. ती मूळ आवृत्ती आजच्या साध्या लॅपटॉपवरही जमून जाते (२०२५ ची सुधारित आवृत्ती मात्र बरीच जड आहे, दोन्हीत गल्लत करू नका). व्हॅलोरंट तर मुद्दाम हलका ठेवलेला गेम आहे. फक्त विंडोज ११ वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. यादीतला सगळ्यात खादाड म्हणजे काउंटर-स्ट्राइक २. त्याला ८ जीबी रॅम आणि तब्बल ८५ जीबी जागा लागते. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसते, त्यात विंडोज आणि कॉलेजची सॉफ्टवेअर्स. म्हणजे २५६ वाली घेतली तर दोन गेममध्येच खेळ खल्लास.

स्टीमवरच्या गेमच्या पेजवर खाली सहसा दोन रकाने असतात, मिनिमम आणि रेकमेंडेड. मिनिमम म्हणजे गेम उघडेल, मजा येईलच असं नाही. आपलं मशीन या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसलं तरी हौशी गेमिंगला पुरतं.

आणि हो, बीजीएमआय खेळायला लॅपटॉप घेत असाल तर थांबा. तो फोनचाच गेम आहे, पीसीची अधिकृत आवृत्ती नाही. त्यासाठी तुमचा फोनच बरा.

प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत

चाळीस हजारांच्या आसपासच्या नव्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड सहसा नसतं. गेम चालवायचं काम प्रोसेसरच्या आत बसलेली ग्राफिक्स चिप करते. फोनमध्येही असंच असतं, त्यामुळे हे तुम्हाला नवीन नाही. फोन घेताना आपण नुसतं "स्नॅपड्रॅगन" बघून थांबत नाही, पुढचा आकडा विचारतो. इथेही तेच करायचं.

इंटेलचं बघा. आठव्या पिढीच्या आय ५ मधली यूएचडी ६२० म्हणजे २४ एक्झिक्युशन युनिट्स. बाराव्या पिढीच्या आय ५-१२३५यू मधल्या आयरिस एक्सईमध्ये ती ८० आहेत. दोन्हींवर स्टिकर "आय ५" चाच!

एएमडीमध्ये तर आणखी गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, आकड्यात फक्त दहाचा फरक. पण ७५२०यू मध्ये चार कोअर आणि ग्राफिक्सची अवघी दोन युनिट्स आहेत. ७५३०यू मध्ये सहा कोअर आणि ग्राफिक्सची सात. २०२१ मधल्या ५५००यू मध्येसुद्धा सात होती, म्हणजे गेमिंगपुरतं बोलायचं तर आकड्याने लहान असलेला जुना चिप नव्या ७५२०यू ला मागे टाकतो. युक्ती अशी की या ७००० मालिकेत तिसरा आकडा प्रोसेसरची पिढी सांगतो : २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. पहिला ७ फक्त साल सांगतो. दुकानदार नेमका तोच ७ जोरात सांगतो.

इंटेल एन१०० वाले लॅपटॉप स्वस्त दिसतात. ऑनलाइन क्लास, टायपिंग यासाठी ठीक, आपल्या यादीसाठी नाही.

रॅम किती यापेक्षा, रॅम कशी?

इथे मी स्वतः माती खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बहिणीसाठी लॅपटॉप घेतला. मीच निवडला, मीच घरात सगळ्यांना पटवलं. प्रोसेसर चांगला, माहितीपत्रकात आयरिस एक्सई लिहिलेलं. घरी आणून बघतो तर विंडोजमध्ये नाव दिसतंय नुसतं "इंटेल यूएचडी ग्राफिक्स". मला वाटलं फसवलं आपल्याला. दुकानात जाऊन आवाज चढवायच्या तयारीत होतो. मग वाचल्यावर कळलं की फसवणूक वगैरे काही नाही, मीच अर्धवट बघितलं होतं. आयरिस एक्सई हे नाव आणि तिचा पूर्ण वेग मिळायला रॅम ड्युअल चॅनलमध्ये लागते. आमच्यात ८ जीबीची एकच पट्टी होती.

हे असं का होतं? वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. आतल्या ग्राफिक्स चिपकडे तसं काही नसतं, ती लॅपटॉपच्या रॅममधूनच उसनं घेऊन काम भागवते. त्यामुळे रॅमपर्यंतचा रस्ता किती रुंद आहे यावर तिचा वेग ठरतो. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहून नेते. तशाच दोन पट्ट्या लावल्या की ५१.२ जीबी. चिप तीच, पण रस्ता एकपदरीचा दुपदरी झाला.

बहिणीच्या लॅपटॉपमध्ये एक स्लॉट रिकामा होता, हे नशीब. त्यात ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली. नाव बदलून आयरिस एक्सई झालं आणि ज्या गेममध्ये तीस-बत्तीस एफपीएसवर रखडत होतो, त्याच ठिकाणी पंचेचाळीसच्या पुढे जायला लागलो. बाकी काहीही बदललं नव्हतं. स्लॉट नसता तर बहिणीसमोर तोंड दाखवायला जागा नव्हती.

नुसत्या आकाराचाही मुद्दा आहेच. विंडोज ११ आणि ब्राउझरचे चार टॅब उघडले की ८ पैकी निम्मी रॅम सहज जाते, उरलेल्यात गेम आणि ग्राफिक्स दोघांनी भागवायचं. म्हणून माझ्या मते आजच्या घडीला १६ जीबी, तीही दोन पट्ट्यांत.

काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ती दर वेळी हळूच असते असं नाही, पण पुढे वाढवता येत नाही. तशी घेत असाल तर पहिल्या दिवशीच १६ घ्या. वरच्या ७५२०यू मध्ये रॅम कायम सोल्डरच असते, हे त्याच्या विरोधातलं दुसरं कारण.

दुकानात पाच मिनिटं मागून घ्या

डेमो मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूवर पूर्ण नाव दिसेल, जीपीयूवर ग्राफिक्सचं. मेमरीवर क्लिक केलं की खाली "स्लॉट्स यूज्ड" दिसतं. तिथे २ पैकी १ आणि फॉर्म फॅक्टरसमोर "सोडीम" लिहिलं असेल तर आनंदाची बातमी : पट्टी बदलता येते आणि एक जागा रिकामी आहे. "रो ऑफ चिप्स" दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे.

मग यूट्यूबवर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि तुमचा गेम टाकून शोधा. व्हिडिओत दोन गोष्टी बघा : रॅम एक पट्टी आहे की दोन, आणि रेझोल्यूशन किती. ७२० पी लो वर ६० एफपीएस बघून घरी १०८० पी हाय लावलं तर दोष लॅपटॉपचा नाही. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. माइनक्राफ्टमध्ये घर बांधताना ३०-४० खपून जातं. शूटरमध्ये तेवढ्यात समोरचा तुम्हाला उडवून मोकळा होतो.

उष्णतेचं फोनवाल्यांना वेगळं सांगायला नको. मेच्या दुपारी फोन तापला की गेम अडकायला लागतो. पातळ लॅपटॉपचंही तसंच. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फार मनावर घेऊ नका, वीस मिनिटांनंतरचे खरे. आणि चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर वेग कमी होतो.

सेकंडहँड घ्यावा का?

मामाचा कल तिकडेच होता. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप दणकट असतात, कीबोर्डही छान. पण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा स्वस्त आय ७ आपल्या कामाचा नाही. आठवीचा घेतला तर ग्राफिक्स तीच २४ युनिट्सची. त्यावर माइनक्राफ्ट होईल, काउंटर-स्ट्राइक २ रडवेल. जीटीएक्स १६५० वाला जुना गेमिंग लॅपटॉप या पैशात मिळू शकतो आणि गेमसाठी तो सरस आहे. पण तो जड असतो, बॅटरी दमलेली असते आणि वॉरंटी बहुतेक संपलेली. रोज एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलाला मी तो सुचवला नाही.

शेवटी आम्ही ७५३०यू वाला घेतला. ८ जीबीची एक पट्टी, एक स्लॉट रिकामा, ५१२ ची एसएसडी. उरलेल्या पैशात दुसरी ८ ची पट्टी बसली. मामाचा आकडा साडेचारशे रुपयांनी ओलांडला, ते मी भरले.

आता जीटीए ५ नॉर्मल सेटिंगला चाळीस-पन्नासच्या दरम्यान चालतो. काउंटर-स्ट्राइक २ ला ७२० पी लो ठेवावं लागतं, आणि धुराचा बॉम्ब फुटला की अजूनही गचके बसतात. माइनक्राफ्टची काहीच तक्रार नाही. काल त्याचा मेसेज होता, "दादा, शेडर्स टाकू का?" मी म्हटलं, सबमिशन झाल्यावर टाक.