सर्व्हर डाऊन झाला, तर आधी कोणाला कळतं?

दुकानाचं ऑनलाइन ऑर्डरचं पान असो, शाळेचा प्रवेश अर्ज असो की पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, सर्व्हर बंद पडल्याची पहिली बातमी बऱ्याच ठिकाणी ग्राहकाच्या फोनवरूनच येते. ही वेळ टाळण्यासाठी पिंगडम, अपटाइमरोबोट, स्टेटसकेक यांसारख्या सेवा आहेत. त्या ठरावीक मिनिटांनी तुमचा सर्व्हर बाहेरून तपासतात आणि तो उत्तर देईनासा झाला की कळवतात. सेवा घेताना आपण दर पाहतो, फीचरची यादी पाहतो. बिघाडाच्या क्षणी निरोप योग्य माणसापर्यंत पोहोचेल का, हे मात्र तपासायचं राहून जातं. या विषयातले बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : सर्व्हरवरच मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर आहे, मग बाहेरची सेवा कशाला?

वस्तुस्थिती : डिस्क भरत आली, मेमरी संपत आली, हे आतूनच कळतं. त्यामुळे आतलं मॉनिटरिंग हवंच. पण सर्व्हर बंद पडला की त्यावरचं सॉफ्टवेअरही बंद पडतं. अपटाइम कुमासारखं मोफत साधन त्याच सर्व्हरवर बसवणाऱ्यांची गत हीच होते. शिवाय आत सगळं सुरळीत असूनही बाहेरचा रस्ता तुटू शकतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्क तुटलं आणि पाठोपाठ साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जाणारे मार्ग इंटरनेटवरून नाहीसे झाले. डीएनएस सर्व्हर चालू होते, पण त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हतं. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जवळपास सहा तास बंद राहिले आणि बिघाड शोधण्याची कंपनीची अंतर्गत साधनंही त्यात अडकली.

गैरसमज : काही झालं तर होस्टिंग कंपनी कळवेलच.

वस्तुस्थिती : होस्टिंग कंपनीची हमी बहुधा तिच्या यंत्रांपुरती आणि नेटवर्कपुरती असते. तुमचा डेटाबेस अडकला, तर तिच्या लेखी सर्व्हर चालूच आहे. ९९.९ टक्के अपटाइम ऐकायला भक्कम वाटतो, पण त्यात ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा असते. कंपनीच्या स्टेटस पेजवरही विसंबू नका. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस३ ही साठवण सेवा कोलमडली, तेव्हा बराच वेळ त्यांना स्टेटस पेजवर सेवांची खरी स्थिती दाखवता आली नाही, कारण ते पान अद्ययावत करण्याची यंत्रणाच एस३वर अवलंबून होती.

गैरसमज : ईमेलवर अलर्ट येतो, तेवढं पुरे.

वस्तुस्थिती : मेल सर्व्हर त्याच यंत्रावर असेल, तर अलर्ट निघणार कुठून आणि येणार कुठे? प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेचा अनुभव आणखी बोलका आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथे चुकून चालू डेटाबेसमधला सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं, की रोजचा बॅकअप आधीपासूनच फसत होता. तसे ईमेलही जात होते, पण ईमेल खऱ्या पाठवणाऱ्याचाच आहे का हे पाहणाऱ्या डीएमएआरसीच्या पडताळणीत न बसल्यामुळे ते नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. इशारा दिला जात होता, तो पोहोचत नव्हता. म्हणून बॅकअपसारख्या कामांसाठी उलटी पद्धत हवी. काम नीट झालं की त्यानेच बाहेरच्या सेवेला खूण पाठवायची आणि ठरल्या वेळी खूण आली नाही की सेवेने अलर्ट द्यायचा. याला हार्टबीट म्हणतात. घेत असलेल्या सेवेत ही सोय आहे का, हे पाहाच.

गैरसमज : एसएमएस म्हणजे हमखास पोहोचणार.

वस्तुस्थिती : एसएमएसला मोबाइल डेटा लागत नाही आणि तो साध्या फोनवरही येतो. रात्रीच्या अलर्टसाठी म्हणूनच तो इतक्या कामाचा. पण तो ऑपरेटरच्या केंद्रात साठवून पुढे पाठवला जातो आणि वेळेची हमी कोणी देत नाही. भारतात दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएससाठी पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा यांची नोंदणी लागते. ८ मार्च २०२१ रोजी या नोंदणीची पडताळणी कडक होताच देशभर ओटीपी अडकले आणि ती काही दिवस थांबवावी लागली. परदेशी सेवा भारतीय क्रमांकांवर कोणत्या मार्गाने एसएमएस पाठवते, हे खरेदीआधी विचारा. मजकूरही आटोपशीर ठेवा. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची फक्त ७०.

फोनकडेही लक्ष द्या. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असेल, तर एसएमएस येऊनही आवाज होणार नाही. पाठवणाऱ्याच्या नावापुढची दोन अक्षरं ऑपरेटर आणि सर्कलप्रमाणे बदलतात, त्यामुळे एकाच नावाला दिलेली सूट पुरत नाही. एसएमएसला ठरावीक मिनिटांत प्रतिसाद नाही, तर फोन कॉल आणि तोही उचलला नाही, तर दुसऱ्या माणसाला कॉल, अशी साखळी देणारी सेवा निवडा.

गैरसमज : पिंगला उत्तर आलं म्हणजे साइट चालू आहे.

वस्तुस्थिती : पिंगमुळे एवढंच कळतं, की यंत्र नेटवर्कवर आहे. वेब सर्व्हर थांबलेला असतानाही पिंग व्यवस्थित चालतो. कधी पान उघडतं, ‘२००’ हा यशाचा कोडही येतो, पण पानावर त्रुटीचा संदेश असतो. म्हणून पानावर नेहमी दिसणारा एखादा शब्द शोधणारी तपासणी लावा आणि ती मुखपृष्ठाऐवजी ऑर्डर किंवा लॉगिनच्या पानावर लावा. एसएसएल प्रमाणपत्राची मुदतही तपासणीत घ्या. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५मध्ये बंद केले आहेत.

गैरसमज : जितके जास्त अलर्ट, तितकी सुरक्षितता.

वस्तुस्थिती : रात्री दोन-तीनदा खोटा अलर्ट आला, की माणूस फोन म्यूट करतो आणि खरा अलर्टही वाया जातो. एका ठिकाणाहून तपासणी फसली, तर दुसऱ्या ठिकाणाहून खात्री करूनच कळवणारी सेवा घ्या. ग्राहक महाराष्ट्रातले असतील, तर तपासणीच्या ठिकाणांत भारतातलं केंद्र असावं. सेवेच्या आयपी पत्त्यांना फायरवॉलमध्ये परवानगी द्या, नाहीतर सर्व्हर ठणठणीत असूनही अलर्ट येत राहतील.

गैरसमज : एकदा सेवा लावली, की काम संपलं.

वस्तुस्थिती : नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा क्रमांक यादीत तसाच राहतो. एसएमएसचे क्रेडिट संपतात. म्हणून चाचणीच्या मुदतीतच सर्व्हरवरची चाचणीसाठीची एक सेवा मुद्दाम बंद करा, एकदा दुपारी आणि एकदा मध्यरात्रीनंतर. एसएमएस किती मिनिटांत आला, फोन वाजला का, माणूस उठला का, हे लिहून ठेवा. पुढेही दर तीन महिन्यांनी हे करा. या परीक्षेत जी सेवा उतरेल तीच घ्या, मग तिची फीचरची यादी आखूड असली तरी चालेल.