शनिवार सुटण्यापूर्वी

गिरिभ्रमणावर मराठीत जे लिहिले गेले आहे ते बहुतेक सह्याद्रीवरचे आहे. पुण्या-मुंबईचा नोकरदार शनिवारी कचेरी सुटली की पाठीला पिशवी अडकवतो, रात्रीची गाडी पकडतो आणि रविवारी एखाद्या गडाच्या माथ्यावरून सूर्योदय पाहतो. हे वाचून वाचून आपणही असेच एकट्याने जावे, असे मला वाटू लागले. माझे सकाळी कॉलेज असते आणि दुपारपासून एका दुकानात हिशेबाच्या वह्या लिहिण्याचे काम. शनिवारी संध्याकाळी सुटलो की सोमवार सकाळपर्यंतचा वेळ माझा. गेला महिनाभर त्या वेळाचे बेत मी मनाशी करीत आहे. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात एकट्याने जाण्याचा बेत करणे ही निराळीच गोष्ट आहे, हे त्या महिन्याभरातच मला कळले.

पहिला प्रश्न, जायचे कोठे? ताडोबाचे नाव सर्वांच्या तोंडी प्रथम येते. परंतु ताडोबा हे १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले व १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा क्षेत्रात परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. तेथे वाहनातून आणि वाटाड्यासह जावे लागते. पायी, आणि तेही एकट्याने, हा प्रश्नच उद्भवत नाही.

गडचिरोलीकडे मन ओढ घेते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी आपल्यापासून वेगळ्या झालेल्या त्या जिल्ह्यात टिपागड आहे, त्याच्या माथ्यावर तळे आहे. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम आहे. पण दीड दिवसात हे साधत नाही. शिवाय त्या भागाने चार दशके बंदुकींचे आवाज ऐकले आहेत. अनोळखी माणूस एकटाच रानात फिरताना दिसला, तर गावकऱ्याच्या मनात शंका आली तर त्याचा दोष नाही.

म्हणून माणिकगड ठरवला. चंद्रपुराहून बल्लारपूर, मग वर्धा नदी ओलांडून राजुरा आणि पुढे गडचांदूर, असा एस.टी.चा रस्ता आहे. बल्लारपूरला जमिनीखाली कोळसा, तर गडचांदूरला चुनखडी. एकीवर खाणी चालतात, दुसरीवर सिमेंटचे कारखाने. हा राजुऱ्याचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणून इकडच्या बोलीत तेलुगू शब्द सहज येतात. गडचांदूरच्या पुढे जिवतीचा डोंगराळ प्रदेश लागतो. तेथे गोंड व कोलाम लोकांची वस्ती आहे. पायथ्याशी अमलनाल्याचे धरण आणि वर काळ्या दगडाचा जुना किल्ला. तो नागवंशी राजांनी बांधला असे सांगतात. पुढे तो गोंड राजांकडे आला.

बेत पक्का झाला आणि मी तो राजुऱ्याकडच्या खेड्यातून येणाऱ्या एका वर्गमित्राला सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, "अबे, तू मजेपायी चालला, अन् तेही एकटाच? आमच्याकडं मोहफुलं येचाले बाया जातेत, त्याबी दहा-बारा मिळून, एकमेकींले हाका देत जातेत."

मग त्याने २०२० सालची गोष्ट सांगितली. राजुऱ्याच्या रानात एका वाघाने एकामागून एक माणसे मारली आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये वनखात्याने त्याला जेरबंद केले. तोपर्यंत त्याची आई सरपणालाही रानात गेली नाही. ज्या घराचे मीठ-मिरची रानावर चालते, त्या घराला असे महिने फार लांब वाटतात.

वाघ माणसावर का येतो, हे समजून घेण्याजोगे आहे. उभ्या, चालत्या माणसाला वाघ बहुधा टाळतो. मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करणारा माणूस मात्र वाकलेला, बसलेला असतो. झुडपाआडून तो एखाद्या जनावरासारखा दिसतो. मोहफुले पहाटे गळतात, म्हणून वेचणारे अंधारातच निघतात, आणि तीच वाघाच्या फिरण्याची वेळ. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. त्यांतले पुष्कळ आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि राखीव क्षेत्राची सीमा वाघाला ठाऊक नसते.

मित्राच्या बोलण्याने मला वेगळाच विचार पडला. माझे काही बरेवाईट झाले तर ते माझ्यापुरते राहणार नाही. गावाला रानाची वाट बंद होईल, आणि वाघाच्या नशिबी पिंजरा येईल. माझ्या हौसेचा दंड दोघांनी भरावा, हे न्यायाचे नव्हे.

तेव्हा बेत रद्द केला नाही, बदलला. शनिवारी रात्री मित्राच्या घरी मुक्काम. पहाटेचा सूर्योदय सह्याद्रीवाल्यांना लखलाभ. आपण रविवारी ऊन चांगले वर आल्यावर, नऊच्या सुमारास निघायचे. झाडीतल्या वाटेवर गावचा एक जाणता माणूस सोबत घ्यायचा व त्याची दिवसाची मजुरी द्यायची. मळलेली वाट सोडायची नाही, बोलत चालायचे, ओढ्याकाठी वाकून बसायचे नाही, आणि चारच्या आत खाली उतरायचे. ऋतू हिवाळ्याचाच. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि पावसाळ्यात वाट निसरडी होऊन झाडीत दहा पावलांपुढचे दिसत नाही.

मग एकटेपण कोठे राहिले, असे कोणी विचारील. ते एस.टी.च्या खिडकीशी आहे, वर्धेच्या पुलावर आहे. गडाच्या दाराशी पोचल्यावर सोबत्याला सावलीत बसवून तटाजवळ घटकाभर गप्प बसता येईल, तेवढेही मला पुरे आहे. एकटे असणे आणि कोणाला न सांगता जाणे यांत फरक आहे, हे मला आता पटले आहे.

आज गुरुवार. पिशवीत काठीखेरीज सर्व भरून झाले आहे: पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, शिट्टी, फुटाणे आणि गूळ. भाकरी आई शनिवारी सकाळी करून देणार आहे. कोणासोबत जाणार, हे तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मला खरे उत्तर देता आले.