नवरात्रात चाकांची डागडुजी

आश्विनात घट बसले की घरोघरी भांडी उजळली जातात, अवजारे पुसली जातात आणि दसऱ्याच्या पूजेसाठी दारातील वाहनही सिद्ध केले जाते. यंदा आमच्या मोटारीकडे पाहून मन खट्टू झाले. पंढरीच्या अरुंद गल्ल्यांतून वळताना पदपथाच्या दगडांनी चारही चाकांच्या कडा ओरबाडल्या होत्या. संस्कृतात जिला 'नेमि' म्हणतात, तिलाच नेमका हा प्रसाद! नाभि आणि अर, म्हणजे तुंबा आणि आरे, तेवढे धड होते.

हल्लीची ही चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असतात. धातू मऊ, म्हणून दगडाला नुसते घासले तरी चरा पडतो. वरचे पारदर्शक लुकण गेले की उघड्या धातूवर ओल बसते आणि शेजारचा रंगही पापुद्र्यांनी सुटू लागतो. हे काम घरी होण्याजोगे आहे, असे पुतण्या म्हणाला. आमच्या गल्लीतील एक रंगारी मदतीस आला आणि तृतीयेला आम्ही आरंभ केला.

नट किंचित सैल करून मगच जॅक लावला. केवळ जॅकच्या भरवशावर गाडी ठेवू नये, म्हणून गॅरेजातून लोखंडी स्टँड मागून आणले. काढलेले चाक साबणाने आतून-बाहेरून धुतले. ब्रेकची काळी भुकटी आतील बाजूस फार चिकटून बसते. मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चऱ्यांच्या धारदार कडा मोडल्या, खोल जागी दोन भाग कालवून केलेली धातूची पुट्टी भरली, ती वाळल्यावर 240 आणि शेवटी 400 नंबरचा कागद पाण्यात भिजवून फिरवला. या कामी नाकातोंडावर फडके हवेच. घाई करणाऱ्याचे काम येथेच बिघडते, कारण बोटाला जाणवणारी उंचसखल जागा रंगाखाली दुप्पट उठून दिसते.

टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि कडेच्या फटीत पत्ते खोचावेत, असे रंगाऱ्याने सांगितले. आमच्या घरी पत्ते कुठले! जुन्या आमंत्रणपत्रिका कामी आल्या. श्रीगणेशाचे चित्र असलेल्या मात्र सूनबाईंनी आधीच वेचून बाजूला काढल्या. फवारणीच्या डब्यातील वायू ज्वालाग्राही असतो आणि देवघरात नंदादीप अखंड तेवत होता, म्हणून तो उद्योग परसात, वारा पडल्यावर केला. वीतभर अंतरावरून प्रायमरचे दोन हात, त्यावर चंदेरी रंगाचे तीन, शेवटी पारदर्शक लुकणाचे दोन. प्रत्येक हात पातळ, आणि मध्ये पंधरा मिनिटांची उसंत. जाड हात दिला की ओघळ आलाच. नट जेथे बसतात ती जागा आणि तुंब्याला टेकणारी मागची बाजू कोरीच ठेवली. तेथे रंग राहिला तर तो पुढे दबतो आणि नट सैल पडतात.

षष्ठीपर्यंत तीन चाके अशी झाली की पाहत राहावे. सप्तमीला चौथे घेतले. त्या चाकातील हवा दर आठवड्याला उतरत असे. दोष व्हॉल्व्हचा, अशी आमची समजूत होती. धुताना पुतण्याचे बोट आतील कडेवर थांबले. "काका, हा चरा नाही. तडा आहे." साबणाचे पाणी सोडून पाहिले, तर केसाएवढ्या त्या रेषेतून बुडबुडे येत होते.

रंगारी सद्भावाने म्हणाला, "बुवा, आतली बाजू आहे. पुट्टी भरून टाकू, दिसायचीसुद्धा नाही."

दसरा तीन दिवसांवर होता. चारही चाके सारखी झळकावीत ही हौस आम्हालाही होती, आणि क्षणभर आम्ही गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु पुट्टी पोकळी भरते, भार वाहत नाही. ओतीव धातूतील तडा खड्ड्यागणिक वाढत जातो आणि वेगात असताना कड फुटली तर हवा एकदम जाते. याच गाडीतून सूनबाई दोन्ही नातवंडांना घेऊन कोजागरीला तुळजापूरला निघायच्या होत्या. "नको," आम्ही म्हणालो, "याला रंगाचा थेंबही लावायचा नाही."

नवमीला तीन चाके आणि चौथीच्या जागी लोखंडी स्टेपनी चढवली. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले. शंभरेक किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे आहेत. जॅक आणि पाना त्याच दिवशी खंडेनवमीच्या पूजेत मांडले. स्टेपनी आकाराने लहान, काळी. तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेली. नवे चाक येईपर्यंत गाडी गावाबाहेर न्यायची नाही असे ठरले आणि दसऱ्यानंतरच्या एकादशीच्या कीर्तनास आम्ही एस.टी.ने जाण्याचे नक्की केले.

दसऱ्याला झेंडूचा हार घातलेली गाडी पाहून येणारे-जाणारे विचारीत, "बुवा, हे एक चाक असे काळे का?" आम्ही ओसरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवीत होतो. तडा गेलेले चाक तेथे भिंतीला टेकवून ठेवले होते. सूनबाईंनी त्यालाही हळदकुंकू वाहिले होते.