संतूर : डोंगरातून आलेले वाद्य



पावसाळ्यात आमच्या वर्गाच्या पन्हाळीतून पत्र्याच्या डब्यात थेंब पडत होते. टिण् टिण् आवाज होई. सगळे हसायला लागले. गुरुजी म्हणाले, "हसू नका. अगदी असाच आवाज काढणारं एक वाद्य आहे." मग त्यांनी मोबाईलवर संतूर ऐकवले. त्या वाद्याची माहिती मी गुरुजींना विचारून येथे लिहीत आहे.

संतूर हे काश्मीरचे वाद्य. आपण गणितात समलंब चौकोन शिकलो ना, तसा त्याचा आकार असतो. लाकडी पेटीवर लहान लहान घोड्या बसवलेल्या असतात आणि त्यांवरून तारा ताणलेल्या असतात. जुन्या काश्मिरी संतुराला २५ घोड्या आणि प्रत्येक घोडीवर ४ तारा. करा गुणाकार! म्हणूनच त्याला शततंत्री वीणा असेही म्हणतात. शत म्हणजे शंभर. दोन्ही हातांत अक्रोडाच्या लाकडाच्या दोन हलक्या काड्या धरून तारांवर टोले देतात. त्या काड्यांना 'कलम' म्हणतात.

काश्मीरमध्ये सूफी गाण्यांच्या साथीला संतूर वाजत असे. मोठ्या मैफलीत एकट्याने वाजवायचे वाद्य म्हणून त्याला कोणी विचारत नव्हते. जम्मूचे पंडित उमादत्त शर्मा यांनी मात्र ठरवले, की आपल्या मुलाने यावर शास्त्रीय राग वाजवायचे. तो मुलगा म्हणजे पंडित शिवकुमार शर्मा. त्यांचा जन्म १९३८ सालचा. १९५५ मध्ये ते मुंबईत पहिल्यांदा लोकांपुढे वाजवायला बसले. वय अवघे सतरा! लोकांना आवाज आवडला, पण जाणकार म्हणाले, "हे वाद्य शास्त्रीय संगीताच्या कामाचं नाही. दुसरं घे."

ते असे का म्हणाले? आपल्या संगीतात 'मींड' असते. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर आवाज न तोडता जाणे, घसरगुंडीवरून आल्यासारखे. संतूर म्हणजे शिडी! एकेक पायरीच उतरावी लागते. शिवाय तार एकदा वाजली, की तिचा आवाज लगेच विरायला लागतो.

शिवकुमारांनी वाद्य सोडले नाही. त्यांनी तारा लावण्याची रीत बदलली. पूर्वी संतूर तिकाटण्यासारख्या बैठकीवर ठेवत, ते त्यांनी मांडीवर घेतले. आणि कलम तारांवर इतक्या हलक्या हाताने, इतक्या भरभर फिरवायला शिकले, की सूर तुटतच नाही असे कानाला वाटते. याला अनेक वर्षे लागली.

१९६७ साली त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी निघाली. नावाचा अर्थ खोऱ्याची साद. बासरीवर पंडित हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. त्यात काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे. शब्द एकही नाही! सकाळी अहिरभैरव राग येतो, पुढे पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी.

पहाडी हा राग डोंगरी लोकांच्या गाण्यांतून आला. सा, रे, ग, प, ध हे त्याचे मुख्य पाच सूर. गंमत म्हणजे भूप रागाचेही हेच पाच सूर. मग फरक कशात? भूप नियमाने चालतो, गंभीर असतो. पहाडीला मोकळीक आहे. मध्येच म आणि नी येऊन जातात. भूप म्हणजे सरळ सडक, तर पहाडी म्हणजे डोंगरातली पायवाट, असे मला वाटते.

पंडित शिवकुमार शर्मा यांना २००१ साली पद्मविभूषण मिळाले. १० मे २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आता संतूर शास्त्रीय संगीताचे वाद्य नाही असे कोणी म्हणत नाही.

हे ऐकून मी घरी गेले. आमच्या आजोबांचा पावा आढ्याला खोचलेला आहे. ते मेंढरं राखायचे तेव्हा वाजवायचे. "आता त्याला कोण विचारतंय?" असे ते म्हणतात. मी तो काढला, पुसला आणि म्हटले, "आजोबा, मला शिकवा." ते आधी हसले, मग त्यांनी वाजवला. दम लागला, पण वाजवला.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे काही खोचलेले असेल. जरा वर बघा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी